विकास शिकून काय होतं?

जून महिना उजाडला की शाळेच्या फाटकापाशी जुने विद्यार्थी आणि त्यांचे पालक दिसू लागतात. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही, आणि बहुतेकांना सल्ला. आमची उत्तरेही ठरलेली. विज्ञान घेतले असेल तर फार्मसी बघा, कॉमर्स असेल तर टॅली शिका, मुलगी असेल तर डी.एड., बी.एड. करू द्या, गावात राहून नोकरी होते. कित्येक वर्षे आम्ही हेच सांगत आलो.

तीन वर्षांपूर्वी मात्र एक वडील असा प्रश्न घेऊन आले, ज्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. सोलापुरात त्यांचे शिलाई मशीन दुरुस्तीचे छोटे दुकान. मुलगी आमच्याच उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, पुढे अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. प्रवेश परीक्षा देऊन तिला मुंबईच्या एका संस्थेत एम.ए.साठी जागा मिळाली होती. विषय होता ‘डेव्हलपमेंट स्टडीज’, म्हणजे विकास अभ्यास. वडील खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “सर, डॉक्टर-इंजिनिअर समझता, बी.एड. भी समझता. ये विकास पढके लडकी क्या बनती?”

आम्ही त्यांना दोन दिवसांनी यायला सांगितले. खरे तर आम्हालाही ते ठाऊक नव्हते. त्या दोन दिवसांत आणि नंतरच्या तीन वर्षांत आम्ही जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहोत. हा प्रश्न आता आणखी घरांत येणार आहे.

विषय आहे तरी काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया-आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र झाले. झेंडा मिळाला, पण पोट, शाळा, दवाखाना यांचे काय? एका देशात किंवा एका जिल्ह्यात माणसे पुढे का जातात आणि शेजारच्या जिल्ह्यात का अडकून राहतात? अर्थशास्त्र एकटे याचे उत्तर देऊ शकेना. म्हणून इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, शेती, लोकसंख्या, स्त्रियांचे प्रश्न हे सगळे एकत्र घेऊन हा विषय उभा राहिला. हॉलंडमधल्या हेग शहरात यासाठी १९५२ साली संस्था निघाली, इंग्लंडमध्ये ससेक्स येथे १९६६ साली. आपल्याकडे मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्याचे शिक्षण देत आली आहे आणि तिथेही आज हा विषय शिकवला जातो.

नाव नवे वाटले तरी यातला मूळ प्रश्न आपल्या घरात दर रमजानला विचारला जातो. जकात कुणावर फर्ज? ज्याच्याजवळ साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी इतकी मालमत्ता गरजा भागवून वर्षभर राहते, तो साहिबे-निसाब. म्हणजे एक रेषा आखलेली आहे. आणि जकात घ्यायला पात्र कोण? कुरआनने आठ प्रकारचे लोक सांगितले आहेत. सगळ्या गरिबांचा एकच ढीग केलेला नाही. फकीर वेगळा, मिस्कीन वेगळा, कर्जात बुडालेला वेगळा, वाटेत अडकलेला मुसाफिर वेगळा. ज्याची अडचण वेगळी, त्याचा इलाजही वेगळा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

विकास अभ्यासाच्या वर्गात याच गोष्टीवर महिनोन्‌महिने चर्चा चालते. दारिद्र्यरेषा कुठे आखायची? आपल्या देशात २००९ साली तेंडुलकर समितीने एक रेषा सांगितली, २०१४ साली रंगराजन समितीने दुसरी. रेषा थोडी वर सरकली की कोट्यवधी माणसे एका रात्रीत ‘गरीब’ ठरतात, खाली आली की ‘गरीब नाहीत’ ठरतात. त्यांच्या चुलीत मात्र काहीच बदललेले नसते. म्हणून २०१० पासून केवळ पैशावर न जाता आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान अशा तीन अंगांनी गरिबी मोजण्याची पद्धतही वापरात आली. घरात कुणी कुपोषित आहे का, मूल शाळेत जाते का, संडास आहे का, स्वयंपाक कशावर होतो, असे प्रश्न तिच्यात येतात. रेशनकार्डाच्या रंगावरून भांडण झालेल्या कोणत्याही मोहल्ल्याला या विषयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

या वाटेवरची माणसे

जम्मूत १९३४ साली जन्मलेले आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेले महबूब-उल-हक हे अर्थतज्ज्ञ केंब्रिजला शिकत असताना त्यांची आपल्या अमर्त्य सेन यांच्याशी मैत्री झाली. ती आयुष्यभर टिकली. देशाची प्रगती केवळ उत्पन्नावरून ठरवू नये, माणसे किती जगतात आणि किती शिकतात हेही पाहावे, असा हक यांचा आग्रह होता. त्यातूनच १९९० साली संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. आज वर्तमानपत्रांत ‘मानव विकास निर्देशांकात भारत अमुक क्रमांकावर’ अशी बातमी येते, तिचे मूळ या दोन मित्रांच्या विचारात आहे.

सेन यांनी आपल्या लहानपणीची एक आठवण लिहून ठेवली आहे. १९४४ साल, ढाका शहर, दंगलीचे दिवस. कादर मियां नावाचा एक मुस्लिम रोजंदारी मजूर रक्तबंबाळ होऊन त्यांच्या घराच्या फाटकातून आत आला. हिंदू वस्तीत काम शोधायला आला असताना त्याला भोसकले होते. अशा दिवसांत तिकडे जाऊ नका, असे त्याच्या बायकोने सांगितले होते, पण घरात खायला काही नव्हते म्हणून तो निघाला. सेन यांच्या वडिलांनी त्याला दवाखान्यात नेले, पण तो वाचला नाही. दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलाच्या मनात ही गोष्ट घर करून राहिली. ज्याच्या घरी पीठ असते तो दंगलीच्या दिवशी घरात बसू शकतो. ज्याच्या घरी नसते त्याला ती मोकळीकही नसते. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या सेन यांनी विकास म्हणजे माणसाची मोकळीक वाढणे, असे जे मांडले, त्याच्या मुळाशी कादर मियांही आहे. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे कितीतरी चेहरे आले.

तिसरे नाव अख्तर हमीद खान यांचे. आग्र्याला जन्मलेले हे गृहस्थ इंग्रजांच्या काळातले आय.सी.एस. अधिकारी. ती नोकरी सोडून अलीगढजवळ एका खेड्यात ते कुलुपे बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली मजुरी करू लागले. गरिबांबद्दल बोलण्याआधी त्यांच्यात राहून पाहायचे होते. पुढे १९५९ पासून कोमिल्ला येथे त्यांनी शेतकऱ्यांच्या सहकाराचे काम उभारले, आणि १९८० मध्ये कराचीच्या ओरंगी वस्तीत सांडपाण्याचे. तिथे गल्लीतल्या घरांनी मिळून वर्गणी काढली आणि आपल्या गल्लीची गटार आपणच बांधली. बाहेरचा मोठा नाला तेवढा सरकारचा. ओरंगीचा हा प्रयोग आज जगभरच्या वर्गांत शिकवला जातो.

ज्यांची मोजणी झाली ते आपण

आता आपल्याकडे वळू. मार्च २००५ मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला. अर्थतज्ज्ञ अबुसालेह शरीफ तिचे सदस्य-सचिव होते. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता ६५.१ टक्के असताना मुसलमानांची ५९.१ टक्के होती, हे त्या अहवालाने सर्वांपुढे ठेवले. आणखी एक आकडा आम्हाला फार मोलाचा वाटतो. मुसलमान आपली मुले मदरशातच पाठवतात, असे जिकडेतिकडे बोलले जात होते. समितीने मोजून दाखवले की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मदरशात जातात. वर्षानुवर्षांचा गैरसमज खोडायला एक नीट मोजलेला आकडा पुरला. महाराष्ट्रातही २००८ साली नेमलेल्या महमूदुर्रहमान समितीने २०१३ साली राज्यातल्या मुसलमानांच्या स्थितीचा अहवाल दिला.

म्हणजे आपली मोजणी झाली, अहवालही झाले. पण प्रश्न कोणी ठरवले? घरोघर कोण गेले? पुढचा अहवाल लिहायला आपल्यातले किती जण तयार होत आहेत? २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत आपण १४.२ टक्के होतो. २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत उच्च शिक्षण घेणाऱ्यांत मुस्लिम विद्यार्थी ४.६ टक्के निघाले. त्या थोड्यांतलेही बहुतेक ठरलेल्या दोन-चार वाटांनी जातात. डॉक्टर हवेतच, वकीलही हवेत. पण ज्या टेबलावर योजना आखली जाते, त्या टेबलाच्या अलीकडे आपण अर्ज घेऊन उभे असतो आणि पलीकडच्या खुर्चीत आपले मूल क्वचितच दिसते. आमच्या मते हा विषय घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

अम्मी काय काम करते?

दोन दिवसांनी ते वडील आले तेव्हा आम्ही यातले थोडेफार त्यांना सांगितले. गोवंडीला तिची खाला राहते, हा आधार निघाला आणि मुलगी गेली.

पहिले सहा महिने तिला जड गेले. वाचायला दिलेले सगळे इंग्रजीत, आणि इंग्रजीही पाठ्यपुस्तकाची नव्हे. वर्गात काही मुले दिल्लीच्या मोठ्या कॉलेजांतून आलेली, तोंडाने भराभर बोलणारी. फोनवर ती म्हणायची, “सर, मला उत्तर येत असतं, पण वाक्य जुळेपर्यंत पुढचा प्रश्न सुरू होतो.” मग तिने एक युक्ती केली. आधी मुद्दे उर्दूत काढायचे, मग इंग्रजीत उतरवायचे. दुसऱ्या सत्रापासून ती सावरली. संख्याशास्त्र, मुलाखत घेण्याची पद्धत, प्रश्नावली तयार करणे, शासनाचे अंदाजपत्रक वाचणे हे सगळे चार सत्रांत शिकायचे आणि शेवटी स्वतः संशोधन करून प्रबंध लिहायचा, अशी या एम.ए.ची साधारण रचना असते.

प्रबंधासाठी ती कुठे लांब गेली नाही. आपल्याच मोहल्ल्यात आली. सोलापूर शाळेच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या कितीतरी घरांत बाया हे गणवेश शिवतात, काज-बटण करतात, धागे तोडतात, डझनावर मजुरी घेतात. तिने पहिली मुलाखत आपल्या अम्मीचीच घेतली. सरकारी पाहणीत असतो तसाच प्रश्न विचारला, “आप क्या काम करते?” अम्मी मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, “मैं? मैं तो घर पेच रहती. कुछ नहीं करती.”

शेजारच्या घरातही हेच उत्तर मिळाले, त्याच्या पुढच्या घरातही. दिवसाचे सात-आठ तास मशीन चालवणारी बाई कागदावर ‘काही करत नाही’ म्हणून नोंदली जात होती. मुस्लिम स्त्रिया मोठ्या प्रमाणावर घरबसल्या काम करतात, हे सच्चर समितीनेही नोंदवले आहे. पण जिचे काम कागदावर येत नाही, तिला कामगार म्हणून ओळखपत्र नाही, विमा नाही आणि मजुरी वाढवून मागायला तोंडही नाही.

मग मुलीने प्रश्न बदलला. “काल फजरपासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलं, ते सांगा.” आता बाया बोलू लागल्या. दिवसभराच्या वेळेचा असा हिशेब विचारण्याची पद्धत तिने वर्गात शिकली होती. आपल्या सरकारनेही २०१९ मध्ये देशभर अशी पाहणी केली आहे. एक प्रश्न बदलला आणि ‘काही न करणाऱ्या’ बायांची गल्ली कारखाना निघाली. तिने तो प्रबंध आमच्या हातात दिला तेव्हा आम्ही आधी अम्मीचे पान उघडून वाचले. वीस-पंचवीस वर्षांचे काम पहिल्यांदा कुणीतरी लिहून ठेवले होते.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग येतो. एक अन्सारी गृहस्थ प्रेषितांकडे (स.) मदत मागायला आले. प्रेषितांनी (स.) आधी विचारले की घरात काय आहे. एक कांबळे आणि एक पेला निघाला. तो विकून दोन दिरहम आले. एकाचे घरी धान्य नेले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणली, आणि ते गृहस्थ लाकडे तोडून विकू लागले. मदतीआधी नीट विचारपूस, आणि विचारपूस अशी की माणसाच्या हाताला काम मिळेल. विकास अभ्यासात दोन वर्षे जे शिकवतात, त्याचा गाभा यात आहे.

पैसा, व्याज आणि कागदपत्रे

आता कामाच्या गोष्टी. कोणत्याही शाखेची पदवी असली तरी बहुतेक ठिकाणी या एम.ए.ला अर्ज करता येतो. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, बंगळूरचे अझीम प्रेमजी विद्यापीठ, आयआयटी गुवाहाटी ही काही जाणती ठिकाणे. टाटा संस्थेचे प्रवेश सध्या केंद्रीय सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतात. ती साधारण मार्चमध्ये असते आणि अर्ज त्याआधी दोन-तीन महिने भरावे लागतात. म्हणून जूनमध्ये सल्ला विचारायला येऊ नका, दिवाळी झाली की या. अझीम प्रेमजी विद्यापीठ आपली वेगळी परीक्षा घेते आणि घरच्या उत्पन्नानुसार शुल्कात सवलत देते. ज्या मुलींना किंवा सुनांना घर सोडणे शक्य नाही, त्यांना इग्नूमधून ग्रामीण विकास विषयात घरी राहून एम.ए. करता येते, हिंदी माध्यमातूनही.

दाखल्यांकडे आपण फार दुर्लक्ष करतो. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. केंद्राच्या यादीत नाव आहे का हे पाहून नॉन-क्रिमीलेअर दाखला वेळेत काढा. यादीत नसलेल्या कुटुंबांनी आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याची चौकशी करावी. महाडीबीटीवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्तीही पाहावी. कागद नसल्याने हातची जागा गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

सर्वांत अवघड प्रश्न कर्जाचा. या मुलीच्या वडिलांनी बँकेचा अर्ज घरी आणला, रात्रभर जवळ ठेवला आणि सकाळी परत केला. “सूद का पैसा लडकी की तालीम में नहीं डालूंगा,” म्हणाले. आम्ही त्यांना काही बोललो नाही. ही अडचण खरी आहे आणि तिला हसणे बरोबर नाही. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ अल्प दराने शैक्षणिक कर्ज देते. ते घेणे जायज आहे का, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण खरा मार्ग आपल्या हातात आहे. गावोगावच्या जमाती आणि ट्रस्ट जकातीतून शिष्यवृत्त्या देतात. त्यांच्या अर्जावर बहुधा ‘मेडिकल, इंजिनिअरिंग’ एवढेच रकाने असतात. त्यात या विषयासाठी एक रकाना वाढवावा. ज्यांना जकात चालत नाही त्यांना कर्जे-हसना द्यावे, नोकरी लागल्यावर हप्त्याने परत घ्यावे. आमच्या मुलीचे दुसरे वर्ष असेच पार पडले. अन्सारी गृहस्थाच्या हाती कुऱ्हाड आली होती, तसेच हेही समजा.

नोकरीचे खरे चित्र

गोड चित्र रंगवून कुणाला फसवायचे नाही. या पदवीने सरकारी शिक्षकासारखी कायम नोकरी लगेच मिळत नाही. स्वयंसेवी संस्था, संशोधन संस्था, राज्याचे ‘उमेद’ अभियान, मुख्यमंत्री फेलोशिप, युनिसेफसारख्या संस्थांचे प्रकल्प अशी कामे असतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीतून २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यातूनही अशा पदवीधरांची गरज वाढली. अर्थशास्त्राच्या नेट परीक्षेत हा विषय धरला जातो, त्यामुळे प्राध्यापकीचीही वाट आहे. मात्र बरीच कामे कराराची, सुरुवातीचा पगार बेताचा, आणि फिरती पुष्कळ. ज्या मुलाला माणसांत जायचा कंटाळा आहे त्याने हा विषय घेऊ नये.

आमची विद्यार्थिनी आज एका संस्थेत मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांच्या मुलांच्या शाळेचे काम पाहते. करार वर्षाचा आहे. वडिलांची काळजी संपलेली नाही, आणि “कायम कधी होणार?” हा प्रश्न ते आम्हाला भेटले की विचारतात. आम्ही इन्शाअल्लाह म्हणतो. पण परवा दुकानात गेलो तेव्हा एका गिऱ्हाइकाने त्यांना विचारले, “बेटी क्या करती?” मशीनला तेल घालता घालता ते म्हणाले, “लोगों को पूछती, और लिखती.”

त्या दिवशी आमच्या टेबलावर आलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिले. आपल्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. आधी नीट विचारून मग लिहिणारी मुले-मुली आपल्या घरांतूनही निघोत, आणि त्यांचे लिहिणे आपल्याच नव्हे तर प्रत्येक गरजूच्या उपयोगी पडो. अल्लाह त्यांच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.